खाल्लेले गोल मोजून बचाव कळत नाही

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यावर आलेल्या लेखात दोन्ही संघांच्या बचावफळ्यांची तुलना 'किती गोल खाल्ले' एवढ्यावरच केलीय. कसे खाल्ले तेही बघा की! 2006 च्या विश्वचषकात इटलीनं 7 सामन्यांत 2 गोल खाल्ले. एक स्वयंगोल (आपल्याच खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात गेलेला), दुसरा अंतिम सामन्यातली पेनल्टी. चालू खेळात प्रतिस्पर्ध्याच्या पायातून एकही नाही. याला म्हणायचं बचाव.

या दोघांपैकी जो संघ चौघांची फळी वर चढवून ऑफसाइडच्या सापळ्यावर विसंबतो (पास सुटताना फळीच्या पलीकडं असलेला फॉरवर्ड ऑफसाइड ठरतो), त्याचा एक बॅक, म्हणजे बचावपटू, पाऊलभर मागं राहिला तरी सापळा तुटतो. बहुतेकदा चुकतो तो चेंडूपासून लांबच्या बाजूचा, कारण त्याची नजर चेंडूवर असते, शेजारच्या सेंटर बॅकवर (मधल्या बचावपटूवर) नसते. आणि थ्रो-इनवर (बाजूच्या रेषेवरून हातानं चेंडू आत टाकताना) ऑफसाइड नसतोच, तिथं फळी आधीच खाली यायला पाहिजे.

दुसरा संघ माणसाला माणूस लावतो, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागं एक बचावपटू. फॉरवर्ड मुद्दाम कडेला पळाला की सेंटर बॅक त्याच्या मागं जातो आणि मधे भगदाड पडतं. डिफेन्सिव्ह हाफनं (बचावफळीच्या पुढं खेळणाऱ्यानं) ते लगेच भरलं नाही तर संपलंच.

मला पहिली फळी सरस वाटते, पण वर चढलेल्या फळीमागची मोकळी जागा सांभाळायला गोलकीपर पेनल्टी बॉक्सच्या टोकापर्यंत पुढं येऊन खेळणारा असेल तरच.