'जाणारच होते' म्हणण्याआधी

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. लंडनच्या १९५२ च्या धुरक्यावरचा लेख तुम्हाला अतिरंजित वाटला. 'गेले ते म्हातारे नि आजारी, आज ना उद्या जाणारच होते. त्यात फ्लूची साथ, मग १२,००० चा आकडा कशाला फुगवायचा?' असं तुम्ही म्हणता. 'जाणारच होते' हे शब्द मला फार लागले, म्हणून लांबण लावतो.

५ ते ९ डिसेंबर. वर उबदार हवेचं झाकण बसलं, वारा पडला, आणि घराघरांतल्या शेगड्यांचा, कारखान्यांचा कोळशाचा धूर खालीच कोंडला. त्यातला गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत मिसळून आम्ल तयार झालं, आणि लोक ते श्वासाबरोबर आत घेत राहिले. बसचे कंडक्टर पेटता पलिता धरून बसच्या पुढे चालत होते, इतकं दिसेनासं झालेलं. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद्‌ लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू झाले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात होते १,८५२.

आता तुमचा मुद्दा. ही माणसं नुसती चार-आठ दिवस आधी गेली असती, तर धुरकं विरल्यावर मृत्यू नेहमीपेक्षा कमी व्हायला हवे होते. झाले नाहीत. पुढचे दोन-तीन महिने आकडा चढाच राहिला. सरकारने ते मृत्यू फ्लूच्या नावावर टाकले आणि धुरक्याचे बळी ४,००० च्या आसपास धरले. पुढे संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा फ्लूने त्यातला थोडाच भाग भरून निघतो असं दिसलं. १२,००० हा त्यांचा अंदाज आहे.

आणि सगळे म्हातारे कुठे होते? त्याच दिवसांत लंडनमध्ये स्मिथफील्डचं जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. बक्षिसासाठी खाऊपिऊ घालून तयार केलेली ती धडधाकट गुरं धापा टाकू लागली. काही तर मारावी लागली. ज्या बाळांचं पहिलं वर्ष त्या धुरक्यात सापडलं, त्यांच्यात पुढे लहानपणी दम्याचं प्रमाण जास्त आढळलं. मेलेल्यांच्या आकड्यात ही मुलं कुठेच नाहीत, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात. '१९५६ च्या कायद्याने धुरकं संपलं' (म्हणजे ब्रिटनच्या स्वच्छ हवा कायद्याने) हे माझं वाक्य चूक आहे. धूरमुक्त विभाग एकेक करून जाहीर होत गेले, शेगड्या बदलायला वर्षं लागली, आणि डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा शेकडो लोक गेले. ते वाक्य आजच दुरुस्त करतो.