‘गणित मुळातच डोक्यात असावं लागतं’ म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. कोकण विभाग राज्यात पहिला, म्हणजे आपली पोरं हुशारच. गणित ज्याला येतं त्याला येतं, शिकवणारा कोण याने फरक पडत नाही. पाढे घोकून घ्या, क्लास लावा.

2025 मध्ये कोकण विभागाचा निकाल 98.82 टक्के लागला. अभिमान जरूर वाटावा. पण हा आकडा पास किती झाले तेवढंच सांगतो. गणिताच्या 100 गुणांपैकी 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि पास व्हायला 35 पुरतात. कच्चा पाया त्यात सहज झाकला जातो.

‘ज्याला येतं त्याला येतं’ हा सगळ्यात घातक दावा. 403 − 128 हे उदाहरण घ्या. एक मूल 325 लिहितं, कारण ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. दुसरं 225 लिहितं: शून्य ओलांडून ते थेट शतकाकडून उसनं घेतं, मग दशकात 0 − 2 अडलं की 2 मांडून मोकळं होतं. दोघांच्या वहीत लाल फुली सारखीच, चूक मात्र वेगळी. पहिल्याला आधी 52 − 27 सुट्या काड्या आणि दहाचे गठ्ठे घेऊन करू द्यावं लागतं. दुसऱ्यासमोर शंभराचा गठ्ठा उघडून दहाचे दहा गठ्ठे करायचे, त्यातला एक उघडून दहा सुट्या काड्या करायच्या. आता 3 शतक, 9 दशक, 13 एकक दिसतात आणि 275 उत्तर हाताने मिळतं. ही चूक तिसरीत कोणी ओळखली नाही, तर सातवीत ‘याला गणित जमत नाही’ असा शिक्का बसतो.

आंब्याच्या स्टॉलवर बसणारी मुलगी 650 रुपये डझनाने तीन डझनांचे 1950 तोंडी सांगते. तीच वर्गात 650 × 3 मांडताना हातचा न घेता 18150 लिहिते. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांना कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांमध्ये हीच दरी दिसली. त्यांचं संशोधन 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. डोकं आहेच. ‘सहाशेचे तीन अठराशे, पन्नासचे तीन दीडशे’ हे तिचंच तोंडी गणित फळ्यावर मांडून हातच्याशी जोडून देणं, हे शिक्षकाचं काम.

पाढे हवेतच, त्यांनी वेळ वाचतो. पण ½ + ⅓ = ⅖ लिहिणाऱ्याला तीसपर्यंतचे पाढे येत असले तरी उपयोग नाही. त्याला विचारावं लागतं: अर्ध्या घावण्यात आणखी तुकडा घातला, मग अर्ध्याहून कमी कसं झालं?

क्लासमध्येही सराव त्याच चुकीचा होत असेल, तर ती फक्त पक्की होते.

दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात, ही अडचण खरी आहे. तिथेही रोज पाच नेमकी उदाहरणं देऊन, चुकलेल्या उत्तरांप्रमाणे गट पाडून एकेका गटाला दहा मिनिटं देता येतात. पालकसभेत गुण किती पडले याऐवजी चुकलेलं उदाहरण दाखवा म्हणावं, आणि मुलाने ते कसं सोडवलं हे त्याच्याच तोंडून ऐकावं.