कुत्रं निदान भुंकतं तरी

सलीमभाईंनी सायकलच्या आडव्या नळीला वेळूची काठी बांधून आणली, तिथून वादाला तोंड फुटलं. परभणीत वसमत रोडच्या टपरीपुढं संध्याकाळी आम्ही जे टेकतो त्यांत सायकलवाल्यांचं बहुमत आहे. सलीमभाईंचं स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मास्तर शाळेत विज्ञान शिकवतात, ताई दवाखान्यात सिस्टर आहेत, आणि मी. अल्पमतात एकटा बालाजी. त्याचं ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागलेलं, त्यामुळं हंगामात तो सहसा दिसत नाही. त्या दिवशी साखर कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस आत टाकायचा पट्टा, बंद पडली होती म्हणून आला, आणि आला ते बरंच झालं.

“ही कुणासाठी?” मास्तरांनी काठीकडं बोट केलं.

“कुत्र्यांसाठी. गंगाखेड रोडला त्या धाब्यामागचं टोळकं रोज पिंडरीला झोंबायलंय. एकदा बसला टोला की वाट सोडतेत बघा.”

“चालत्या सायकलवरून टोला? एक हात हँडलला, एक काठीला, नजर खाली. कुत्र्याला लागायच्या आधी तुम्हीच आडवे व्हाल.”

मास्तरांचं म्हणणं असं की कुत्रं माणसामागं लागत नाही, पळणाऱ्या चाकामागं लागतं. पायडल जोरात मारलं की त्याला चेव येतो. म्हणून वेग कमी करायचा, उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची, दणकून ‘हाड!’ म्हणायचं आणि पाठ न दाखवता चालत पुढं सरकायचं. त्याची हद्द संपली की ते आपोआप थांबतं, कारण पुढं दुसऱ्या टोळीचं राज्य. शिवाय आपल्याकडच्या कुत्र्याला प्रत्यक्ष दगड मारावाच लागत नाही. नुसतं खाली वाकलं तरी चार पावलं मागं सरतं.

“अन् वाकलो की अंगावरच आलं तर?”

“तर पाण्याची बाटली आहे ना. तोंडावर पिचकारी मारा.”

“बिस्कीट टाका की,” बालाजी म्हणाला. “आठ दिवसांत दोस्ती.”

ताईंनी ते लगेच खोडलं. बिस्किटाची सवय लागली की ती कुत्री प्रत्येक सायकलकडं धावत सुटतात, आणि तुमच्या दोस्तीचा भुर्दंड शाळेत जाणाऱ्या पोरींना पडतो.

माझं मत विचाराल तर मास्तर बरोबर होते, पण एका तऱ्हेच्या कुत्र्यापुरतेच. धाब्याच्या कुत्र्याला मास्तरांचा नियम चालतो. पण दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप आपल्या भागात उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात, तेव्हा सोबत जे कुत्रं असतं त्याचं गणित वेगळं. त्याची हद्द म्हणजे कळप, आणि कळप तर चालता. ते फार भुंकतही नाही. मान खाली घालून तिरकं येतं. तिथं दगडासाठी वाकलात तर तुम्ही मेंढीवरच हात टाकायला आलात असं ते धरून चालतं. लांबूनच उतरायचं आणि मेंढपाळाला हाक मारायची, “ओ मामा, कुत्रं आवरा!” मामा कुठंतरी बाभळीखाली बसलेले असतात. तिथूनच एक शिट्टी घालतात आणि इतका वेळ दात दाखवणारं कुत्रं जागच्या जागी बसतं. ना काठी लागते ना बाटली.

दुसरी सांभाळायची ती पिल्लांवरची कुत्री. थंडीत रस्त्याकडेच्या मोरीत व्यालेली असते. एरवी शेपूट हलवणारी, पण त्या दिवसांत मोरीपाशी सायकलचा आवाज आला की थेट पायावर. तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये. पिल्लं हिंडायला लागेपर्यंत आपणच वाट बदलावी. विद्यापीठातले रस्ते आहेतच.

मध्येच कोर्टाचा विषय निघाला, तो निघणारच होता. मास्तरांना तारखा पाठ. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला ते बदललं: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा, फक्त पिसाळलेलं आणि अंगावर येणारं सोडू नका. पुन्हा ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश आला. सलीमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग धाब्यामागं कोण यायलंय?” तो विषय तिथंच संपला.

ताईंचं मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. दात लागला, नुसतं खरचटलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. कातडीत देतात ती पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेतच सीरमचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर दोन डोसांवर भागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण ते जगतंय का मरतंय बघून मग लस घेऊ, हे चालत नाही. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही.

“पण एक सांगू का,” ताई पुढं म्हणाल्या, “सायकलवाला कुत्र्यानं चावून आला असं मी कमी बघितलंय. कुत्र्याला चुकवताना पडून आलेले जास्त. कुत्रं येतं डावीकडून, रानातून. माणूस हँडल फिरवतो उजवीकडं. आणि उजवीकडं काय असतं?”

सगळे बालाजीकडं बघायला लागले.

“माझ्याकडं कामून बघायलात?”

तेव्हा कुठं मास्तरांना आठवलं की त्याच सकाळी एका चारचाकीचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला होता. शर्ट फाटला नाही एवढंच. कुत्र्यावर आम्ही अर्धा तास घातला आणि हे त्यांनी चहा संपता संपता सांगितलं! नंबर? बघितलाच नाही. धाब्यामागच्या कुत्र्यांचे रंग मात्र मास्तर बसल्या जागी सांगू शकतात, त्यातलं कोणतं लंगडं आहे तेही. मला यातच सगळी गोम वाटते. कुत्र्याचा राग येतो कारण ते तोंडावर येतं, भुंकून येतं, आणि त्याच्यावर ओरडलं तर उलटून शिवी देत नाही. गाडीवाला मागून येतो आणि आपण सावरेपर्यंत पुढच्या वळणावर गेलेला असतो.

“आता माझं ऐका,” बालाजीनं चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि त्याच्यामागं बिस्किटाचे दोन पुडे ओळीनं लावले. “हे ट्रॅक्टर. ही एक ट्रॉली, ही दोन. आता वळण आलं.” त्यानं ग्लास हळूच फिरवला. पहिला पुडा ग्लासाच्या आतल्या अंगानं वळवला, दुसरा त्याच्याही आत घेतला आणि कडेला ठेवलेल्या सलीमभाईंच्या किल्लीला तो भिडला. “पुढचं चाक जिथून गेलं तिथून मागची ट्रॉली जात नस्ती. ती आत कापायलीय. तुम्ही काय करता? ट्रॅक्टर गेलं की मोकळं झालो म्हणून लगेच वर येता. तवा दुसरी ट्रॉली यायचीच असती. अन् उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर निघालेले, ते वेगळेच. शेवटची ट्रॉली जाऊ द्या, मंग या.”

“मग तू ब्रेक मारत जा की,” मास्तर.

“मारला म्हणून थांबत नस्तंय, सर. ट्रॅक्टर थांबतंय, मागचं वजन ढकलायलंय. जोरात दाबलं तर ट्रॉली आडवी. आरशात बघावं तर ऊसच दिसायलाय.”

“एवढा भरता कशाला?”

“टनावर पैसे हायेत. कमी भरून आगाऊ घेतलेली उचल फिटती का?”

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. म्हणून मास्तरांनी सोपा प्रश्न विचारला: तो टेप एवढ्या मोठ्यानं का लावता? बालाजी हसला. रात्रभर कारखान्यावर नंबर लावून बसायचं, पहाटं रिकामं व्हायचं, टेप बंद केला तर डोळा लागतो. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की ताईंनी कपाळावर हात मारला. आणि ही एकट्या ट्रॅक्टरची गोष्ट नाही. पुण्याहून नांदेडकडं जाणाऱ्या ट्रॅव्हल्स रात्रभर धावून उजाडता उजाडता इथं पोचतात. ड्रायव्हरची सगळ्यात वाईट वेळ आणि आपली व्यायामाची वेळ एकच. ‘सकाळी ट्रॅफिक कमी असतं’ असं आपण मोठ्या कौतुकानं म्हणतो. कमी असतं खरं, पण जे असतं ते पेंगुळलेलं असतं.

“अन् तुम्ही लोक,” बालाजी आता रंगात आला होता, “अंधारात काळे टी-शर्ट घालून येता. मागं बत्ती नाही. मला कसं कळावं म्होरं माणूस हाय?”

इथं सलीमभाईंनी पक्ष बदलला. लाल लुकलुकणारी बत्ती सीटखाली लावा, उजाडल्यावरही चालू ठेवा, हँडलला उजव्या बाजूला आरसा बसवा, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. लोक भारी गिअरची सायकल घेतात आणि आरशाला नाक मुरडतात, म्हणे सायकल शोभत नाही. “तुझ्या मागच्या ट्रॉलीला तरी कुठं बत्ती हाय रे?” त्यांनी बालाजीला विचारलं. रिफ्लेक्टर लावलेत म्हणाला. लावलेत, पण चिखलानं माखले की कागदासारखेच. तेही त्यानंच कबूल केलं.

मग मोठी जुंपली ती रस्त्याच्या कोणत्या भागातून चालवायचं यावर. सलीमभाई म्हणतात अगदी कडेनं, जेवढं डावीकडं जाता येईल तेवढं. मला हे मुळीच पटत नाही. आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि साइडपट्टी खचते. नवीन सिमेंट रस्त्याच्या कडेला तर जागोजागी वीतभर खडी पायरी झालीय. त्या काठावरून चालवताना मागून हॉर्न वाजला किंवा डावीकडून कुत्रं आलं तर तुम्हाला हलायला जागाच उरत नाही. डावीकडं चाक उतरलं की घसरून पडलात, उजवीकडं गेलात की गाडीपुढं. म्हणून काठापासून हातभर आत, एका सरळ रेषेत. खड्डा असेल तर लांबूनच मागं बघून, हात दाखवून वळायचं. मागच्याला दोन सेकंद थांबावं लागलं तर थांबेल, चिडेल. चिडलेल्या ड्रायव्हरला आपण निदान दिसलेलो असतो.

“अन् नाही थांबला तर?” बालाजी म्हणाला. “हात दाखवला म्हणून ट्रॉली थांबत नस्ती, सांगितलं की.”

ते खरं आहे. म्हणूनच आरसा. मागून जड गाडी यायलीय आणि पुढं कुत्रं दिसतंय, तर दोन्ही एका ठिकाणी गाठायच्या आधीच डावीकडं घेऊन, थांबून, उतरायचं. गाडी जाऊ द्यायची, मग कुत्र्याचं बघायचं. कुत्रं पिंडरी धरील, पण सायकल रस्त्याच्या मध्ये नेऊ नका, असं ताई स्पष्ट म्हणाल्या. सलीमभाईंना हे पचायला जड गेलं. पिंडरी त्यांची आहे.

कायद्याचं मास्तरांनी सांगितलं. धोकादायक गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पण नंबर कुणी घेतला तर ना! ताईंना त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटत होती. जखमीला उचलून आणणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात तसं कलमच आलं. तरी लोक बघत उभे राहतात. अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनापैसे उपचाराची केंद्राची योजनाही २०२५ पासून आहे. बालाजीला यातलं काही माहीत नव्हतं. मलाही ती योजना माहीत नव्हती.

शेवटी ठरलं ते एवढंच की घोळक्यानं जाताना सगळ्यात मागच्यानं ‘गाडी’ म्हणून ओरडायचं आणि पुढच्यानं ‘कुत्रं’.

“दोन्ही एकदमच आले तर?” सलीमभाईंचा प्रश्न.

“तर ‘गाडी’ म्हणा,” ताई म्हणाल्या. “कुत्र्याचं इंजेक्शन मिळतं.”

बालाजीला फोन आला, गव्हाण सुरू झाली होती. जाताना सलीमभाईंनी त्याला दुकानात बोलावलं, मागच्या ट्रॉलीला बॅटरीवरची बत्ती बसवून देतो म्हणाले. पैसे हंगाम संपल्यावर. काठीचं मात्र ते कुणाचंच ऐकायला तयार नव्हते. तिथंच बसून तिची दोरी आणखी घट्ट करत होते.