‘पुन्हा लॉगिन केलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गोदामातले आणि शाखांमधले टर्मिनल (नोंदी करायचे स्क्रीन-कीबोर्ड) मुख्य ऑफिसच्या संगणकाला कसे जोडावेत, या माझ्या लेखाखाली एका वाचकाने नाव न घालता लिहिलंय: “काका, हे १९९५ चं ज्ञान आहे. आता गल्लोगल्ली फायबर आहे, सगळं क्लाउडवर आहे. लाइन गेली तर पुन्हा लॉगिन केलं की झालं. छोट्या व्यापाऱ्याला दोन-दोन लाइन घ्यायला लावून तुमच्यासारखे लोक कमिशन खातात.” आणि पुढे हसणारे चेहरे.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो, कारण ते मला लागलं. मी कुठल्याही इंटरनेट कंपनीचा एजंट नाही, कधी नव्हतो. लेखात एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही, ते मुद्दाम. माझं तांत्रिक म्हणणं तुम्हाला चूक वाटलं तर खुशाल खोडून काढा. पण ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करायचा आणि खाली स्वतःचं नावही लिहायचं नाही, ही कुठली रीत? समोर बसून बोलला असतात तर हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं नसतं. वयाने मला ‘काका’ म्हणा, काही हरकत नाही. त्या शब्दाआडून हिणवू नका.

एक गोष्ट मान्य करतो. टर्मिनल जोडायच्या जुन्या आरएस-२३२ केबलच्या ५० फुटांच्या मर्यादेवर मी अख्खा परिच्छेद लिहिला होता. आज दुकान टाकणाऱ्याला तो लागणार नाही. तेवढा भाग लांबला.

आता ‘पुन्हा लॉगिन केलं की झालं’. हे वाक्य लिहिणाऱ्याने गोदामात संध्याकाळच्या लोडिंगला उभं राहून कधी काम केलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणतो. भिवंडीच्या गोदामातला मुलगा माल उचलण्याची नोंद करतोय. त्याने आयटम उघडला, म्हणजे मुख्य ऑफिसच्या संगणकावर त्या आयटमचं रेकॉर्ड लॉक झालं, दुसऱ्या कुणाला ते बदलता येत नाही. संख्या टाकायच्या आत लाइन गेली. त्याची स्क्रीन गोठली. मुख्य संगणकाला मात्र काहीच कळलेलं नाही! टीसीपीची, म्हणजे नेटवर दोन संगणक ज्या नियमांनी बोलतात त्यांची, रचनाच तशी आहे. दोन्ही बाजू गप्प असल्या तरी जोडणी जिवंत धरली जाते. टर्मिनल नीट बंद केलं तर ‘मी निघालो’ असा निरोप जातो. रस्ता खोदताना वायर तुटली किंवा राउटरची वीज गेली, तर तो निरोप जायला वाटच नसते. संगणक समोरच्याने पुढचं बटण दाबण्याची वाट बघत बसतो, आणि लॉक तसंच राहतं.

किती वेळ? लिनक्स प्रणालीवर कीपअलाइव्हची, म्हणजे गप्प असलेल्या समोरच्याला ‘आहेस का?’ असं विचारून बघण्याची, मूळ वेळ ७२०० सेकंद आहे, म्हणजे दोन तास. त्यानंतर ७५-७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा होते. त्यालाही उत्तर आलं नाही तर जोडणी मेली असं धरतात. एकूण २ तास ११ मिनिटं, तीही प्रोग्रॅमने कीपअलाइव्ह चालू केलेलं असेल तरच. तोवर लाइन परत आलेली असते, मुलाने तुमच्या सल्ल्याप्रमाणे पुन्हा लॉगिन केलेलं असतं आणि तोच आयटम उघडल्यावर त्याला ‘रेकॉर्ड वापरात आहे’ असं दिसतं. कोण वापरतंय? त्याचंच आधीचं मेलेलं सेशन, म्हणजे आधीच्या लॉगिनची जोडणी. वाशीच्या दुकानालाही तो आयटम मिळत नाही. इनव्हॉइस अडलं की ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) अडलं, आणि बिलाशिवाय ट्रक हलवता येत नाही. अवजड गाड्यांना बंदीची वेळ सुरू झाली की ट्रक तिथेच उभा. हे तुमच्या लेखी ‘झालं’?

आणि तुमच्या त्या १९९५ च्या ज्ञानाबद्दल. मी नोकरीला लागलो ते मस्जिद बंदरच्या एका मालवाहतूक कंपनीत. गोदामातले टर्मिनल लीज्ड लाइनच्या (कायम भाड्याने घेतलेल्या टेलिफोन लाइनच्या) मोडेमवरून युनिक्स प्रणालीच्या मशीनला जोडलेले. लाइन तुटली की मोडेमचा कॅरियरचा, म्हणजे पलीकडून सिग्नल येतोय हे दाखवणारा, दिवा जायचा, केबलच्या आठ नंबरच्या पिनवरून ते मशीनला त्याच क्षणी कळायचं, युनिक्स त्या प्रोग्रॅमला हँगअपचा सिग्नल द्यायचं, प्रोग्रॅम बंद, लॉक मोकळं. बरेच जण दोन, तीन आणि सात (पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची) अशा तीनच तारांवर भागवायचे. आमचे साहेब आठवी तार जोडल्याशिवाय केबल पास करायचे नाहीत. का, ते मला तिथे शिकायला मिळालं. आयबीएमच्या एएस/४०० या व्यापारी संगणकाला लांबच्या शाखा एसडीएलसी या पद्धतीने जोडलेल्या असायच्या, तिथे मुख्य संगणक प्रत्येक शाखेच्या कंट्रोलरला सतत आळीपाळीने विचारत राहायचा. काही विचारण्यांना उत्तर आलं नाही की ती शाखा बंद पडली हे त्याला समजायचं. तुमच्या फायबरचा वेग त्या लाइनच्या हजारो पट आहे, पण पलीकडचा माणूस गेला हे आपणहून कळण्याची सोय त्या जोडणीत नाही. ती आपल्याला करावी लागते. माझा सगळा लेख त्याबद्दल होता आणि तुम्ही तो वाचलेला दिसत नाही.

सोय काय करायची तेही लेखात होतं. पुन्हा सांगतो. एसएसएच (लांबच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) वापरत असाल तर सर्व्हरच्या, म्हणजे मुख्य संगणकाच्या, बाजूने दर ३० सेकंदांनी विचारणा लावा. तीन वेळा उत्तर नाही आलं की सेशन बंद, म्हणजे दीड मिनिटात लॉक सुटलं. दुसरा मार्ग म्हणजे काम टीमक्सच्या (सर्व्हरवर सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत चालवा. लाइन गेली तरी सेशन सर्व्हरवर शाबूत राहतं, मुलगा परत येतो तो त्याच अर्धवट नोंदीवर. माझा कल याच मार्गाकडे आहे, पण त्यासाठी प्रत्येक टर्मिनलला ठरलेलं नाव हवं, नाहीतर कोण कुठे परतायचं याचा गोंधळ उडतो. दोन्हींपैकी एक निवडा. सेशन मेलेलं आणि लॉक जिवंत, ही मधली अवस्था कुणाच्याच कामाची नाही.

तुमच्या बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. क्लाउड म्हणजे मुख्य संगणक दुसऱ्याच्या इमारतीत गेला. गोदामापासून तिथपर्यंतची वाट राहतेच. ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ दाबताना लाइन गेली तर इनव्हॉइस बनलं की नाही हे कळत नाही. मुलगा पुन्हा दाबतो आणि दोन इनव्हॉइस बनतात. दुसऱ्या लाइनचं म्हणाल, तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर वीज गेली, हे मुंबईकराला मी वेगळं सांगायला नको. दोन्ही फायबर घ्या असं मी म्हटलेलंच नाही. दोन कंपन्यांच्या फायबर पुष्कळदा एकाच चरातून आणि इमारतीच्या एकाच डक्टमधून येतात, एका जेसीबीत दोन्ही जातात. म्हणून एक फायबर आणि एक मोबाईल सिमचा राउटर असं लिहिलं होतं. त्यात कमिशन कुठे आलं ते दाखवा.

आता तुम्हीच एक करून बघा. तुमच्या ऑफिसात टेस्टच्या डेटावर एका टर्मिनलवर आयटम बदलायला उघडा आणि राउटरमधून बाहेरच्या लाइनची वायर काढा. मग दुसऱ्या शाखेतून तोच आयटम उघडा. किती वेळाने उघडला तो आकडा इथे लिहा, आणि या वेळी खाली नाव घाला.