गाडीला मोतीबिंदू

रविवारी अमळनेरला साखरपुडा होता. मांडवापाशी गाडी लावून उतरतो न उतरतो तोच मामेसासऱ्यांनी, राम राम व्हायच्या आधी, खिडकीखालच्या चकाकत्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट निरखून बघितलं, धोतराला पुसलं आणि चार लोकांत म्हणाले, "जावईबापू, गाडी धुवत नाही वाटतं!"

शनिवारी दोन तास धुतली होती हो! तेच तर दुखणं आहे. ती पट्टी न धुतल्यामुळे पांढरी झालेली नाही, धुतल्यामुळे झालीय. पण हे मांडवात कुणाला सांगता? मी हसलो आणि सरबत घेतलं.

आमच्या कॉलनीत नळ येतो चौथ्या दिवशी, तोही पहाटे, चोरासारखा. बाकी सगळा संसार बोअरवर. आमचं बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुना. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल काढली तर चिंचोक्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. त्यात मे महिना. सकाळी नऊलाच गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. फडकं पोचेपर्यंत थेंबातलं पाणी उडून जातं आणि चुना तेवढा मुक्कामाला राहतो. जवळून बघा, प्रत्येक डाग म्हणजे एक गोल रिंगण, कडेला जाड आणि मधे विरळ. घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या माणसाने हे का सोसावं, हा प्रश्न मी विचारणार नाही. विचारून झालाय.

सोमवारी पोराच्या मंचुरियनच्या प्रयोगातून उरलेली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली घेतली. चुन्यावर आंबट, एवढं शास्त्र आपल्याला ठाऊक आहे. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. गाडी लिंबाच्या सावलीत, पट्टी गार झालेली, जुन्या बनियनचा बोळा भिजवून पट्टीवर दाबून धरला. दोन-तीन मिनिटांनी पुसलं तर रिंगणं खरंच गायब! मी खुशीत मग्गाभर पाणी ओतलं.

"हाई काय करी राह्यना रे भो?"

आबा. भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त. मूळ धुळ्याकडचे, त्यामुळे अहिराणी सुटली नाही आणि रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे तपासणी सुटली नाही. हात मागे बांधून ते कॉलनीत फिरतात आणि कुणी पाना, ब्रश किंवा फावडं हातात घेतलं की तिथे प्रकट होतात. कधी हात लावत नाहीत. फक्त उभे राहतात.

"डाग काढतोय आबा. व्हिनेगरनं."

"आनि धुयं कसाघाई?"

"पाण्यानं."

"कोन्या पानीघाई?"

मी गप्प. मग्गा हातात, बोअरची बादली पायाशी.

"ज्या पानीघाई डाग पडना, त्याच पानीघाई धुई राह्यना तू?" असं म्हणून आबा हसले नाहीत. हसले असते तर चाललं असतं. त्यांनी दूधवाल्याला हाक मारून बोलावलं आणि त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मग त्यांचं लक्ष मागच्या दारावर गेलं. तिथली पट्टी डागाळलेली नव्हती, सरसकट धुरकट होती. दुधाचा हात फिरवल्यासारखी. तिथे व्हिनेगरही हरलं होतं, टूथपेस्टही. आबांनी चष्मा वर केला, नाक पट्टीला टेकेस्तोवर वाकले. "लोखंड शे का?" विचारत स्वतःच घरी गेले आणि फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन आले. वणीच्या गडावरून आणलेला, त्यावर सप्तशृंगी. त्यांनी देवीला पाया पडून पट्टीवर लावलं. देवी घसरली आणि थेट बादलीत.

दूधवाल्याने हात जोडले. आबांनी देवी बाहेर काढून सदऱ्याला पुसली. "लोखंड नई." मग नखाने टिचकी मारली, कान दिला. "प्लास्टिक बी नई. हाई ॲल्युमिनियम शे. तुना घरनं पातेलं."

म्हणजे आठ महिने मी ज्याला क्रोम, क्रोम म्हणून मिरवलं ते क्रोम नव्हतंच. सेकंडहँड विलायती गाडी घेतल्याचा सगळा तोरा त्या एका 'पातेल्या'त बुडाला. आबांचं ऐकून घ्यावं लागलं, कारण ते बरोबर होतं. अशा ॲल्युमिनियमवर विजेच्या टाकीत बुडवून एक पारदर्शक थर चढवतात, ॲनोडायझिंग. केसापेक्षा कितीतरी पातळ. तीव्र ॲसिड लागलं तरी तो जातो, कडक सोड्याचा साबण लागला तरी जातो.

"कोनी काय लावं यले?"

आता इथे खरं बोलायचं, तर हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरमधला पोरगा भर उन्हात फेस मारून चहाला गेला होता. फेस वाळून पापड झाला. तो संशयित नंबर एक. आणि... बाथरूम साफ करायची बाटली. एकदाच. एकाच दारावर. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. दूधवाल्याला कळलं.

"हाऊ डाग नई शे," आबा म्हणाले, "हाई कातडी जळेल शे. मोतीबिंदू! आते कितीबी घस." स्वतःचे दोन्ही डोळे गेल्या वर्षी करून आणलेला माणूस हे बोलला, त्यामुळे अपील नव्हतं.

पुढच्या दारांसाठी मात्र त्यांनी उपाय दिला. एसीचं पाणी! हवेतून गळतं, त्यात चुना नसतो. रात्रभर त्यांनी नळीखाली बादली ठेवली. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की सकाळी जेमतेम तांब्याभर निघालं. ते त्यांनी तीर्थ द्यावं तसं माझ्या हातावर ओतलं. पुढच्या पट्ट्या आरशासारख्या झाल्या, त्यामुळे मागच्या आणखीच वाईट दिसतात.

नवीन पट्ट्यांचा भाव विचारला. त्या पैशात मामेसासऱ्यांना नवीन धोतरजोड्या आयुष्यभर पुरवता येतील. दुकानदार म्हणाला, "काळी टेप मारून टाका साहेब, आता फॅशनच आहे." फॅशन! माझं वाटोळं झालं की ती फॅशन.

कॉलनीत आता जो तो विचारतो, "ऑपरेशन कधी?" भाजीवालीनेही विचारलं. उरलेलं व्हिनेगर आबा 'आपला बाथरूमना नळ दखस' म्हणून घेऊन गेले, त्याला आज पाच दिवस झाले. पोरगा मंचुरियनसाठी बाटली मागतोय.