मेगला ड्रम वाजवता येत नाहीत म्हणे

द व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडचा विषय निघाला की चौघांतला एक जण हमखास म्हणतो, 'जॅक बाप माणूस आहे, पण ती ड्रमर म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला ठीक.' आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती ही पोस्ट पुढे करायची. माझं म्हणणं असं की 'एलिफंट' हा त्यांचा २००३ सालचा अल्बम मेग व्हाइटच्या जिवावर उभा आहे. जॅकची गिटार त्यात इतकी बेबंद उधळते, कारण खाली मेग जागची हलत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटचा बँड, १९९७ मध्ये सुरू झालेला, माणसं दोनच. जॅक गिटार वाजवतो आणि गातो, मेग ड्रमवर. बास गिटार नाहीच. जॅक मूळचा जॉन गिलिस, व्यवसायाने सोफे-खुर्च्यांना कापड चढवणारा. लग्नात त्याने बायकोचं आडनाव घेतलं. २००० मध्ये घटस्फोट झाला तरी बँड चालू राहिला, आणि जगाला मात्र दोघं सांगत राहिले की आम्ही बहीणभाऊ. कपडे फक्त लाल, पांढरे, काळे. नाटकीपणा भरपूर होता, आणि तो मला आवडतो.

'एलिफंट'चं बरंचसं रेकॉर्डिंग एप्रिल २००२ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या टो रॅग नावाच्या छोट्या स्टुडिओत झालं, साधारण दोन आठवड्यांत. लियम वॉटसनचा हा स्टुडिओ म्हणजे जुन्या यंत्रांचं माहेरघर. टेपवर आठच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायला आठच कप्पे. आदल्या वर्षीच्या 'व्हाइट ब्लड सेल्स'ने त्यांचं नाव झालं होतं, मोठा चकचकीत स्टुडिओ सहज परवडला असता. पण अल्बमच्या कव्हरवर अभिमानाने छापलंय की या रेकॉर्डमध्ये कुठेही कॉम्प्युटर वापरलेला नाही, आणि रेकॉर्डिंगची यंत्रं १९६३ च्या अलीकडची नाहीत असंही सांगितलं जातं.

इथे मला थोडं हसू येतं. कारण याच अल्बमची सगळ्यात गाजलेली धून, 'सेव्हन नेशन आर्मी'ची, बास गिटारसारखी वाजते ती डिजिटेक कंपनीच्या व्हॅमी पेडलमुळे, म्हणजे गिटारला जोडून पायाने चालवायच्या डबीमुळे. जॅक साधी गिटार वाजवतो आणि पेडल तिचा सूर एक सप्तक खाली आणतं. हे पेडल ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि त्याच्या पोटात डिजिटल चिपच आहे. म्हणजे पावित्र्याची शपथ घ्यायची आणि मागच्या दाराने चिप आत! गिटारच्या फोरमवरची मंडळी त्या जुन्या मायक्रोफोनांवर आणि व्हॉल्व्ह अँपवर जीव ओवाळून टाकतात, त्यांना हे सांगितलं की विषय बदलतात. १९६३ चं यंत्र म्हणून या अल्बमचा आवाज असा आहे, हे मला पटत नाही. आठ ट्रॅक आणि दोन माणसं म्हटल्यावर काय वाजवायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यात मेग जॅकच्या कितीतरी पुढे आहे.

'सेव्हन नेशन आर्मी'च नीट ऐका. स्टेडियममध्ये गर्दी गाते ती नाही, अल्बमवरची. आधी ती धून एकटी. मग खाली मेगचा बास ड्रम येतो, धप्, धप्, धप्, धप्, एकही मात्रा न चुकवता, न सजवता. झांजा तिने राखून ठेवल्यात. गिटार फाटून अंगावर येते तेव्हाच त्या फुटतात. या गाण्याला कोरस नाही हे कितीजणांच्या लक्षात येतं? शब्दांचा कोरस नाहीच, तीच धून मोठ्याने वाजते, बस्स. आणि ती 'मोठी' वाटते कारण त्याआधी मेगने हात आखडता घेतलेला असतो. एखाद्या हुशार ड्रमरने पहिल्याच कडव्यात हाय-हॅटची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) नक्षी काढली असती आणि पुढच्या स्फोटाची हवाच गेली असती.

आपला मराठी कान तबल्याच्या तयारीवर पोसलेला आहे. कायदे, रेले, तिहाई, समेवर येण्याची कसरत, आणि मग सभागृहात 'वाहवा'. त्या कानाला मेग कच्ची वाटणारच. पण त्याच आपल्या मैफलीत विलंबित ख्याल चालू असताना गवयाला काय हवं असतं? सरळ ठेका. भरणा करणारा, मधे मधे बोटं चालवून दाखवणारा तबलजी बसला की गवई मान वळवून एक नजर टाकतो. मेग सरळ ठेका धरते, आणि जॅकसारख्या बेताल व्हायला निघालेल्या गायकाला तेवढंच हवं असतं.

'बॉल अँड बिस्किट' हा याचा पुरावा. सात मिनिटांहून लांब, संथ, बारा बारचा (बारा मापांचं आवर्तन फिरत राहणारा) ब्लूज. (नाव कशावरून, तर स्टुडिओतल्या एका जुन्या मायक्रोफोनच्या टोपणनावावरून. ब्रिटिशांना प्रत्येक वस्तूत बिस्किट दिसतं.) जॅक आधी गुरगुरत बोलतो, फुशारक्या मारतो, आणि मग गिटारचे सोलो येतात, एकाहून एक बेभान. तिथे गिटार अक्षरशः किंचाळते, ताल सोडून पळते, परत येते. आता पुढच्या वेळी सोलोकडे दुर्लक्ष करा आणि फक्त ड्रम ऐका. ती जवळपास काहीच करत नाही. जॅकसोबत किंचित मागेपुढे होते, ओढली जाते, पण त्याच्याशी स्पर्धा करत नाही. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात यंत्राची टिकटिक लावून वाजवलेला ड्रम इथे मेला असता.

'द हार्डेस्ट बटन टू बटन'चा व्हिडिओ मिशेल गाँद्रीने केला. त्यात प्रत्येक ठोक्याला रस्त्यावर एक नवा ड्रम उगवतो, ओळच्या ओळ. मला वाटतं मेगबद्दल छापून आलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा त्या फ्रेंच माणसाला ती जास्त समजली. ठोके इतके सुटे आणि ठाम आहेत की ते मोजता येतात, मांडून ठेवता येतात.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नाही. डेट्रॉइटमध्येच ऐंशीच्या दशकात द गोरीज नावाचा बँड होता: दोन गिटार, एक ड्रम, बास नाही, आणि ड्रमवर पेग ओ'नील, तीही अशीच ओबडधोबड आणि अडून बसणारी. गॅरेज रॉक आणि पंक ब्लूजमध्ये ही एक परंपरा आहे. मागे गेलात तर सन हाउस हा जुना ब्लूज गायक भेटतो, नुसत्या टाळ्या आणि गळ्यावर आख्खं गाणं पेलणारा. व्हाइट स्ट्राइप्सने पहिला अल्बम त्यालाच अर्पण केला होता. 'तिला जमत नव्हतं म्हणून साधं वाजवलं' म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकावं आणि मग बोलावं.

अल्बम निर्दोष नाही. उत्तरार्धात जरा घसरतो, आणि होली गोलाइटली या गायिकेला घेऊन केलेलं शेवटचं गाणं म्हणजे मित्रांच्या बैठकीतली थट्टा आहे, एकदा ऐकायला गोड. 'देअर्स नो होम फॉर यू हिअर'मध्ये जॅकने स्वतःच्याच आवाजांची चळत रचली आहे, तीही मला थोडी दाखवेगिरी वाटते. आठ ट्रॅकमध्ये एवढं कोंबून दाखवायची हौस. त्याउलट मेग स्वतः गाते ते 'इन द कोल्ड, कोल्ड नाइट' बघा: आवाज साधा, किंचित अवघडलेला, आणि आजूबाजूला जवळजवळ काही नाही. दोघांच्या स्वभावातला फरक या दोन गाण्यांत आहे.

'सेव्हन नेशन आर्मी'चं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुख या फुटबॉल संघाचे पाठीराखे मिलानमध्ये ती धून गायला लागले, २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात इटलीने ती डोक्यावर घेतली, आणि आता कुठलाही सामना असो, ओ-ओ-ओ चालू. जॅकला याचा आनंदच वाटतो. माझी तक्रार एवढीच की त्या गर्दीत धून उरली आणि ठोका गेला. टाळ्या वाजवणारे पन्नास हजार लोक मेगसारखा संयम पाळूच शकत नाहीत, घाई करतात.

मेग २०११ मध्ये बँड संपल्यावर लोकांसमोर येईनाशी झाली. २०२३ मध्ये ट्विटरवर एकाने परत तेच जुनं तुणतुणं वाजवलं, तेव्हा क्वेस्टलव्हसारखा ड्रमरांचा ड्रमर तिच्या बाजूने उभा राहिला. २०२५ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्या समारंभालाही ती गेली नाही. जॅक एकटाच बोलला. बरोबरच केलं तिने. गप्प कुठे राहायचं हे तिला 'एलिफंट'च्या आधीपासून कळत होतं.

तर, ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी 'बॉल अँड बिस्किट' पूर्ण ऐकून यावं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेलं धरणार नाही.