‘अनलाइकली’ म्हणजे ‘शक्यता नाही’ नव्हे

इंग्रजी बातमीत ‘अनलाइकली’ हे विशेषण दिसले, की आपल्याकडच्या मथळ्यात ते बिनदिक्कत ‘शक्यता नाही’ होऊन उतरते. व्याजदरकपातीची शक्यता नाही, युतीची शक्यता नाही, येत्या चार दिवसांत पावसाची शक्यता नाही. मूळ इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याने इतके ठाम विधान केलेलेच नसते. गोष्ट घडण्यापेक्षा न घडण्याकडे कल अधिक आहे, एवढेच तो सांगत असतो. ‘शक्यता कमी’ आणि ‘शक्यता नाही’ यांतला फरक भाषांतराच्या घाईत पुसला जातो, आणि पुढे अंदाज चुकला की शिव्या मूळ अंदाज करणाऱ्याला बसतात.

हवामानाच्या बाबतीत हे विशेष जाणवते, कारण तिथे हा शब्द आकड्याला बांधलेला आहे. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांत 25 टक्क्यांपेक्षा कमी संभाव्यतेला ‘अनलाइकली’ म्हणतात; 25 ते 50 टक्के म्हणजे ‘लाइकली’, 50 ते 75 म्हणजे ‘व्हेरी लाइकली’ आणि त्याच्या वर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे ‘अनलाइकली’ असे लिहिलेले असतानाही पाऊस पडण्याचा संभव पाचात एक असू शकतो. ज्याचा काढलेला कांदा शेतात सुकत पडला आहे, त्याला पाचात एक आणि शून्य यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या परिस्थितीत तो ताडपत्री हाताशी ठेवतो, दुसरीत ठेवत नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलचा, म्हणजे ‘आयपीसीसी’चा, तक्ता आणखी निराळा आहे. तिथे ‘अनलाइकली’ची मर्यादा 33 टक्क्यांपर्यंत जाते, ‘व्हेरी अनलाइकली’ची 10 टक्क्यांपर्यंत, आणि ‘एक्सेप्शनली अनलाइकली’ म्हणायचे तर संभाव्यता एका टक्क्याच्या आत असावी लागते. उलट ‘लाइकली’ म्हणण्यासाठी तिथे किमान 66 टक्के लागतात; आपल्या हवामान विभागाला तेच म्हणायला 25 पुरतात. शब्द एकच, पण पत्रक कोणाचे आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही.

असे तक्ते करण्याची वेळ का येते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेत घडले आहे. 1951 साली युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याचा कितपत संभव आहे, याचा एक अहवाल तयार झाला आणि त्यात हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असे लिहिले गेले. शर्मन केंट हे त्या कामातले एक प्रमुख अधिकारी होते. परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने त्यांना सहज विचारले, की या शब्दांचा तुमच्या मनातला हिशेब काय? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने 65 विरुद्ध 35. विचारणारा चकित झाला, कारण त्याने शक्यता बरीच कमी असल्याचे गृहीत धरले होते. मग केंट यांनी अहवालावर एकमताने सह्या करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा कोणाच्या मनात 20 टक्के होते तर कोणाच्या मनात 80. एकमत झाले होते ते केवळ शब्दांवर. पुढे 1964 मध्ये केंट यांनी याच विषयावर लेख लिहिला आणि अशा शब्दांना टक्केवारी नेमून देण्याचा आग्रह धरला.

व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी चकवतो. शेवटी ‘ली’ असल्यामुळे तो क्रियाविशेषण वाटतो, आणि मग ‘ही विल अनलाइकली कम’ अशी वाक्ये आपल्या ईमेलांतून सर्रास फिरतात. वस्तुतः ‘फ्रेंडली’ किंवा ‘लोनली’प्रमाणे ते विशेषणच आहे, ‘ही इज अनलाइकली टु कम’ हीच नीट रचना. दुसरा चकवा असा, की इंग्रजी ती असंभाव्यता त्या माणसालाच चिकटवते, तर मराठी ती क्रियेवर किंवा बोलणाऱ्याच्या मतावर ठेवते. म्हणून विशेषणाला विशेषण शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘तो बहुधा येणार नाही’, ‘तो येईलसे वाटत नाही’, ‘त्याचे येणे कठीणच दिसते’, ‘तो काही यायचा नाही’ ही आपली रोजची वाक्ये आहेत, आणि खात्री क्रमाने वाढवत नेण्याची सोय त्यांत आयती आहे. यांपैकी शेवटचे वगळता कोणतेही चालेल. शेवटच्यात खात्री फार झाली. (उपरोधाने म्हटलेले ‘हो, येतोय तो!’ हे आणखी वेगळे प्रकरण. इंग्रजीतही ‘अ लाइकली स्टोरी!’ म्हणजे मुळीच विश्वास न बसणारी गोष्ट.)

नामाच्या आधी आलेला ‘अनलाइकली’ मात्र पुष्कळदा भविष्याबद्दल बोलतच नाही. 1983 च्या विश्वचषकातला भारतीय संघ ‘अनलाइकली चॅम्पियन’ होता, असे म्हणताना तो जिंकला आहे हे धरूनच चाललेले असते; आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेल्या वेस्ट इंडीजला 183 धावांत सर्वबाद झालेला संघ 43 धावांनी हरवेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. याला ‘असंभाव्य विजेते’ म्हणणे कृत्रिम, आणि ‘अशक्य विजेते’ म्हटले तर पुण्यामुंबईकडची तरुण मंडळी ‘अफाट’ असा भलताच अर्थ घेतील. ‘कोणी अपेक्षाही केली नव्हती असे विजेते’ हे लांब आहे, पण खरे आहे.

विमानातल्या सूचनांमध्ये ‘इन दि अनलाइकली इव्हेंट ऑफ अ वॉटर लँडिंग’ असे म्हणतात. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये उड्डाणानंतर लगेच पक्षी आदळून दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान हडसन नदीवर उतरवावे लागले आणि 155 जण सुखरूप बाहेर आले. त्या प्रसंगाला ‘शक्यता नाही’ या खात्यात टाकले असते, तर त्या सूचनेचे प्रयोजनच उरले नसते. ही सूचना मराठीत कोणी लिहायला घेतलीच, तर ‘पाण्यावर उतरण्याच्या असंभाव्य घटनेमध्ये’ असे काही लिहू नये. ‘पाण्यावर उतरावे लागलेच तर’ एवढे पुरते. इंग्रजीला त्यासाठी अख्खे विशेषण लागते. आपले काम ‘च’वर भागते.